आधी धातूचा माग काढा, बेड्यांचं नंतर बघू

शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: अटलांटिक गुलामव्यापार, ब्रिटिश साम्राज्य आणि आजचा ग्राहकवाद यांना एका सूत्रात ओवणारी ओतीव शिल्पांची मालिका करायची आहे. ब्राँझ घेऊ की भंगारातल्या डब्यांचं ॲल्युमिनियम? बेड्या, साखळ्या, जहाज, बारकोड अशा प्रतिमा डोक्यात आहेत, त्या चालतील का? आणि हे सगळं घोषणाफलकासारखं होऊ नये म्हणून काय करायचं?

तुम्ही प्रश्न तीन विचारलेत, पण पहिल्याचं उत्तर नीट मिळालं की उरलेले दोन निम्मे सुटतात. आपल्यातले बहुतेक जण धातू अगदी शेवटी ठरवतात. आधी मातीत आकृती, मग मेण, मग ओतशाळेला फोन करून भाव विचारायचा आणि परवडेल ते ओतून घ्यायचं. एरवी हे खपून जातं. या विषयात खपत नाही, कारण इथे धातू स्वतःच त्या व्यवहारात सामील होता. माणसं विकत घेतली गेली ती तांबं-पितळ मोजून.

पोर्तुगीज व्यापारी पंधराव्या शतकात पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोचले, तेव्हा तिथे तांब्या-पितळेला मोठा मान होता. मग युरोपात खास त्या बाजारासाठी कडी तयार होऊ लागली. आकार घोड्याच्या नालेसारखा, दोन्ही टोकं जरा पसरट. त्यांना मनिला म्हणत. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीच्या नोंदींत एका गुलामाची किंमत ८ ते १० मनिला अशी आढळते. १५४८ साली जर्मनीतल्या फुगर या सावकारी घराण्याने पोर्तुगालच्या राजाला अशी पितळी कडी पुरवण्याचा करार केला. पुढे हा धंदा ब्रिस्टल आणि बर्मिंगहॅमकडे सरकला.

एखाद्या संग्रहालयाच्या अभ्यासिकेत मनिला हाताळायची संधी मिळाली तर सोडू नका. छायाचित्रात ती दागिन्यासारखी दिसते, हातात घेतली की भ्रम जातो. मुठीत मावते, पण शिशामुळे अपेक्षेपेक्षा जड लागते. बऱ्याच कड्यांवर पृष्ठभाग खडबडीत असतो, बारीक खड्डे असतात, कानस फिरवायची तसदी कुणी घेतलेली नसते. ओतकाम करणाऱ्याला लगेच कळतं की हा ठोक माल आहे, नगावर मोजून पिंपात भरायचा. मला या विषयातली सगळ्यात हादरवणारी वस्तू हीच वाटते. बेडी निदान आपण काय आहोत हे लपवत नाही.

याच कड्यांना पुढे दुसरा जन्म मिळाला. आजच्या नायजेरियातल्या बेनिन राज्यात ओबाच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या, दरबारासाठी काम करणारी ओताऱ्यांची वंशपरंपरागत श्रेणी, म्हणजे कारागिरांचा संघ, होती. बेनिन सिटीतल्या इगुन स्ट्रीटवर त्यांचे वंशज आजही ओततात. मेणाची आकृती मातीत लिंपून, मेण वितळवून काढून पोकळीत धातू ओतायची त्यांची पद्धत. जगभर ज्यांना बेनिन ब्राँझ म्हणतात, ते फलक आणि शिरं बहुतांशी पितळेची आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात बुडालेल्या जहाजांतून आणि जमिनीवरून मिळालेल्या मनिलांचं पृथक्करण केलं होतं. शिशाच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याचे अणुभार वेगळे असलेले प्रकार) दिसलं की बेनिनच्या ओताऱ्यांनी वापरलेला बराचसा धातू जर्मनीतल्या ऱ्हाईनलँडच्या खनिजापासून बनलेल्या मनिलांमधून आला. काही फलकांवर तर पोर्तुगीज माणसाच्या आजूबाजूला ही कडी कोंदलेली दिसतात. म्हणजे ओताऱ्याने कच्च्या मालाचंच चित्र त्याच मालात ओतलं.

फेब्रुवारी १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने बेनिन सिटी लुटली, जाळली आणि हे सगळं युरोपात नेलं. तिथे ते लिलावात विकलं गेलं. आता परतीचा प्रवास चालू आहे: केंब्रिजच्या जीझस कॉलेजने २०२१ मध्ये पितळी कोंबडा परत केला, जर्मनीने २०२२ मध्ये मालकीहक्क सोडून पहिल्या वस्तू सुपूर्द केल्या, नेदरलँड्सने २०२५ मध्ये ११९ वस्तू परत दिल्या. याला एक अवघड पदर आहे, आणि तो तुमच्या कामात यायला हवा. अमेरिकेतल्या रेस्टिट्यूशन स्टडी ग्रुपचं म्हणणं असं की ज्या माणसांना विकून हा धातू आला, त्यांच्या वंशजांचाही त्यावर हक्क आहे; नुसतं राजघराण्याला किंवा नायजेरियाला देऊन हिशेब मिटत नाही. हे म्हणणं तुम्हाला पटो न पटो, पण ‘लुटारू युरोप, निष्पाप आफ्रिका’ एवढ्या सरळ मांडणीवर मालिका उभी करणार असाल, तर धातूच तुमच्याविरुद्ध साक्ष देईल.

तुमच्या ग्राहकवादाच्या धाग्याला इथेच सुरुवात होते. तो आजच्या मॉलमधून आणून जोडावा लागत नाही. १७८८ साली ब्रिटिश संसदेत गुलामव्यापारावर निर्बंध घालायची चर्चा सुरू झाली, तेव्हा वेल्समधला तांब्याचा बडा कारखानदार थॉमस विल्यम्स याने विरोधात अर्ज केला. त्याचा मुद्दा साधा होता: आफ्रिकेच्या बाजारासाठी पितळी भांडी आणि माल बनवणाऱ्या कारखान्यांत आपण ७० हजार पौंड घातले आहेत, त्यांचं काय? आफ्रिकेतून माणसं वेस्ट इंडीज-अमेरिकेत नेऊन विकली की जहाजं परत येत ती साखर, कॉफी, तंबाखू घेऊन. ब्रिटनमधल्या चहाच्या पेल्यात पडणारा साखरेचा खडा या साखळीचं दुसरं टोक होता, आणि हे त्या काळच्या लोकांना कळत नव्हतं असंही नाही. १७९१ नंतर लाखो ब्रिटिशांनी वेस्ट इंडीजची साखर बंद केली. पुढे ‘गुलामांनी न बनवलेली ईस्ट इंडियाची साखर’ असं लिहिलेली साखरदाणी बाजारात आली! बहिष्काराचाही माल झाला. (ज्या कंपनीच्या नावाने ही साखर शुद्ध ठरत होती, तिच्या कारभाराबद्दल आपल्याला वेगळं सांगायला नको.)

ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामव्यापार बंद केला, पण मनिला थांबल्या नाहीत. आता त्यांनी पाम तेल विकत घेतलं जाऊ लागलं. ते तेल ब्रिटनमध्ये साबण, मेणबत्त्या आणि यंत्रांच्या वंगणासाठी जाई. १८४३ साली इंग्लंडच्या नैऋत्येला असलेल्या सिली बेटांजवळ बुडालेल्या डूरो जहाजात मनिलांचा साठा होता. नायजेरियात त्या थेट १९४८-४९ पर्यंत चलनात होत्या. मग वसाहत सरकारने ३ कोटींहून अधिक कडी गोळा केली आणि भंगारात विकली. हे वाक्य ओतकाम करणाऱ्याने जरा थांबून वाचावं. त्या भंगाराचं पुढे काय काय ओतलं गेलं असेल!

याच तेलाच्या वाटेवर पुढे गेलात तर तुम्हाला समकालीन उदाहरणही सापडेल. सनलाइट साबणाच्या विल्यम लीव्हरने १९११ मध्ये बेल्जियन काँगोत पाम तेलासाठी प्रचंड सवलत-क्षेत्र (सरकारने कंपनीला वापरायला दिलेला मुलूख) मिळवलं आणि तिथे लीव्हरव्हिल वसवलं. सक्तीची मजुरी हा तिथला नित्यक्रम होता. त्या गावाचं आजचं नाव लुसांगा. तिथल्या मळेकामगारांचा सीएटीपीसी हा कलाकारगट स्थानिक मातीत शिल्पं करतो, त्यांचं त्रिमितीय स्कॅनिंग होतं आणि ती ॲमस्टरडॅममध्ये कोको आणि पाम तेलात ओतली जातात. विक्रीच्या पैशातून ते मळ्याची जमीन परत विकत घेतात. २०२४ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात नेदरलँड्सच्या दालनात त्यांचंच काम होतं. हे धातूचं ओतकाम नाही हे खरं, पण ओतण्याचा पदार्थ कसा निवडावा याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

आता प्रतिमांकडे वळू. बेड्या-साखळ्या टाळा असं मी सरसकट म्हणणार नाही, पण तुमच्या मालिकेत निदान पहिल्या फेरीत त्या नकोत. बघणाऱ्याला बेडी दिसली की तो अर्ध्या सेकंदात ‘गुलामगिरी, फार वाईट’ असं म्हणून मोकळा होतो. शिवाय यातना भोगणारं काळं शरीर पुन्हा एकदा बघण्याची वस्तू बनतं, आणि हा आक्षेप त्या समाजातल्या कलाकारांनीच वारंवार घेतला आहे. तुम्ही त्या वारशाच्या बाहेरून येत असाल तर दुप्पट जपा. बारकोडबद्दल एकच सांगतो: रूपक म्हणून तो केव्हाच कालबाह्य झालाय.

शिल्पकार व्हेरोनिका रायन यांचं लंडनच्या हॅकनीतलं २०२१ चं काम बघा. रस्त्याच्या कडेला, ब्राँझ आणि संगमरवरातली तीन मोठी फळं: सीताफळ, नीरफणस (ब्रेडफ्रूट) आणि सीताफळाचाच काटेरी भाऊबंद, सोरसॉप. विंडरश पिढीच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये येऊन स्थायिक झालेल्या, कॅरिबियन लोकांना केलेलं ते वंदन आहे. ना साखळी, ना आक्रोश. पण नीरफणसाचा इतिहास काढला की पाय थबकतात: मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोसता यावं म्हणून ब्रिटिश नौदलाच्या कॅप्टन ब्लायने ताहितीहून त्याची रोपं नेली. पहिल्या खेपेला बाउंटी जहाजावर बंड झालं, दुसऱ्या खेपेला १७९३ मध्ये ती वेस्ट इंडीजला पोचली. पुढे तेच फळ तिथल्या लोकांच्या जिव्हाळ्याचं झालं. एका फळात साम्राज्य, भूक आणि घर, तिन्ही. अमेरिकन शिल्पकार सिमोन ली यांचं ‘लास्ट गारमेंट’ हे २०२२ चं ब्राँझही असंच. पाण्यात वाकून कपडे धुणारी स्त्री. मूळ संदर्भ जमैकातलं एकोणिसाव्या शतकातलं छायाचित्र, जे पर्यटकांना आठवण म्हणून विकलं जायचं. स्त्रीचे कष्ट वसाहतीच्या जाहिरातीचा माल कसे झाले, हे तिथे एकही अक्षर न लिहिता येतं.

ब्राँझ घ्यायचं का? ब्राँझ ही पुतळ्यांची, म्हणजे बहुधा जिंकणाऱ्यांची धातू. ब्रिस्टलमधला गुलामव्यापारी एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा त्याच्या मृत्यूनंतर पावणेदोनशे वर्षांनी, १८९५ मध्ये उभारला गेला आणि ७ जून २०२० ला निदर्शकांच्या हातून गोदीच्या पाण्यात गेला. अमेरिकेतल्या शार्लट्सव्हिलमधला, यादवी युद्धात गुलामगिरीवादी दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या सेनापती रॉबर्ट लीचा पुतळा २०२३ मध्ये मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, गेला. तुमचं भांडण पुतळ्यांशीच असेल, तर ब्राँझ बेलाशक घ्या. ब्रिटिश शिल्पकार थॉमस जे. प्राइस तेच करतात: मोबाइलमध्ये डोकं घातलेली साधी, काल्पनिक काळी स्त्री नऊ फुटी ब्राँझमध्ये उभी करतात, चौथऱ्याशिवाय. पण तुमच्या पत्रावरून तुमचं भांडण मालाशी आणि किमतीशी दिसतंय. मग माझा कौल पितळेला, आणि आजच्या टोकासाठी ॲल्युमिनियमला.

पितळ ओतताना दोन गोष्टी. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि पितळ त्याच्याच आसपास वितळतं, त्यामुळे जरा तापमान वाढलं की मुशीच्या तोंडावर हिरवट-पांढरी ज्योत उठते आणि हवेत कापसासारखी पांढरी पूड तरंगायला लागते. दिसायला सुंदर, छातीत गेली की काही तासांनी हुडहुडी भरून ताप. झटपट वितळवा, पृष्ठभाग कोळशाच्या भुकटीने किंवा काचेच्या चुऱ्याने झाकलेला ठेवा, धूर ओढणारी यंत्रणा आणि धातूच्या वाफांसाठीचा मास्क यांशिवाय भट्टी पेटवू नका. दुसरं, जुनं अनोळखी पितळ वितळवू नका. त्यात शिसं किती आहे हे डोळ्यांना कळत नाही. आणि विनंती आहे, ‘अस्सलपणा’साठी बाजारातून खऱ्या मनिला आणून वितळवू नका. पुरावा नष्ट करण्यासाठी आपलं शिल्प हे कारण पुरेसं नाही.

शीतपेयाचे डबे मात्र सगळ्यांनाच सोपे वाटतात आणि हटकून दगा देतात. डब्याची भिंत कागदासारखी पातळ, वर रंग आणि आत लाखेचा थर; रिकाम्या मुशीत टाकले तर वितळण्याआधीच जळून निम्मी मळी (धातूचा जळका कचरा) होते. आधी थोडा चांगला धातू वितळवून डबकं तयार करा, डबे चेपून, तापवून पूर्ण कोरडे करून त्यात बुडवा. आत थेंबभर पाणी राहिलं तरी वाफेचा स्फोट होऊन वितळलेला धातू अंगावर येतो, इथे हयगय नाही. डब्याचा धातू पत्रा ओढण्यासाठी बनवलेला असतो, ओतण्यासाठी नाही: नीट वाहत नाही, थिजताना भेगा पडतात. म्हणून आधी धातूच्या विटा ओता, मळी काढा आणि मग त्यात साधारण ७ टक्के सिलिकॉन असलेला ओतीव मिश्रधातू मिसळा. शुद्धतावादी मंडळी नाक मुरडतील. मुरडू द्या. किंवा भेगा मुद्दाम ठेवा, पण मग त्या सगळ्या तुकड्यांत दिसू देत, म्हणजे अपघात वाटणार नाहीत.

उसाचं कांडं, कापसाचं बोंड अशा वस्तू थेट साच्याच्या लेपात घालून जाळून ओतता येतात. ऊस मात्र ओला असतो; भट्टी घाईने चढवली तर वाफेने साचा तडकतो. शिवाय उसाच्या राखेत सिलिका भरपूर, त्यामुळे राखेचा सांगाडा आत तसाच उभा राहतो आणि धातूला जागाच मिळत नाही. साच्याला खालून मोठं तोंड ठेवा, थंड झाल्यावर दाबाच्या हवेने राख उडवा आणि ओतण्याआधी साचा पुन्हा तापवा. प्लास्टरचा साचा ७०० अंशांच्या वर नेऊ नका, भुसभुशीत होतो. कापसाचे तंतू जसेच्या तसे येत नाहीत. त्यांना आधी पातळ मेणाचा हात द्या. साखरेचीही एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. तेव्हा साखर शंकूच्या आकाराच्या मातीच्या साच्यात ओतत, टोकाच्या भोकातून काकवी निथळून जाई आणि घट्ट शंकू बाहेर निघे. तेही ओतकामच. त्या शंकूच्या आकारात पितळ ओतून बघा. मला वाटतं तुमच्या मालिकेचं मुख्य शिल्प तिथे आहे.

आणखी एक युक्ती सुचवतो, जी फक्त ओतकामातच शक्य आहे. प्रत्येक ओतणीत मेण आणि धातू मिळून आकार सुमारे दोन टक्क्यांनी आकसतो. एक कडं स्वतः घडवा, ओता. त्या ओतीव कड्याचा साचा काढा, पुन्हा ओता. त्याचा पुन्हा. दहाव्या पिढीला कडं जवळपास एक पंचमांशाने लहान झालेलं असेल, कडा बोथट, खुणा पुसट. सगळी पिढीवार ओळीने मांडली की नकलेची नक्कल होत माल कसा बनतो, हे पाटीवर लिहावं लागणार नाही.

पत्रात तुम्ही ‘आठ प्रतींची आवृत्ती’ असंही म्हटलं आहे. ब्राँझच्या आठ क्रमांकित प्रती आणि चार कलाकाराच्या प्रती हा फ्रान्समधून आलेला रिवाज, आणि तो मुळात दुर्मीळता टिकवून भाव टिकवण्यासाठी आहे. ग्राहकवादावरचं काम त्याच तराजूत घालायचं असेल तर डोळे उघडे ठेवून घाला. क्रमांक न घालता ढिगाने ओतणं हाही पर्याय आहे, एकच प्रत करून साचा फोडणं हाही. मी असतो तर ढीग केला असता आणि वजनावर विकला असता.

शेवटी पाटीवर काय लिहायचं, ते. ‘ब्राँझ, २०२६’ एवढं लिहून थांबू नका. मिश्रधातूचं प्रमाण, भंगार कुठून आलं, कोणत्या भट्टीत वितळलं आणि मूस उचलणाऱ्यांची, साचा फोडणाऱ्यांची, छिन्नी-कानस चालवणाऱ्यांची नावं, त्यांची हरकत नसेल तर, तुमच्या नावाइतक्याच आकाराच्या अक्षरांत. नाव द्यायला कुणी नकार दिला तर तसंही लिहा. मजुरी किती दिली हे लिहायची तयारी असेल तर फारच उत्तम, पण त्याआधी ओतशाळेच्या मालकाशी बोलून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी तुमचं मेण दारातूनच परत येईल.